बटाट्याचा दम कोंडतो तेव्हा

आज गोष्ट बटाट्याची आहे, आणि एका बाईची. आधी बटाट्याची सांगते, कारण ती आपल्याच घरातली आहे.

दोन वर्षांपूर्वी होळीच्या आधी आमच्या एका गटानं वेफर्स आणि बटाट्याच्या किसाची मोठी ऑर्डर घेतली. अंतर्गत कर्ज उचललं आणि मंचरच्या बाजारातून १४ पोती बटाटा एकदम आणला. उजेड लागला की बटाटा हिरवा पडतो आणि कडवट लागतो, हे सगळ्यांना माहीत. म्हणून एका खोलीत पोत्यावर पोतं रचलं, वरून ताडपत्री घट्ट खोचली आणि खिडकी पुठ्ठ्यानं बंद केली. तेवढ्यात गावात लग्न निघालं आणि काम आठ दिवस पुढं गेलं. दार उघडलं तेव्हा वास आधी आला. ताडपत्रीला आतून पाण्याचे थेंब लटकत होते. पोत्यात हात घातला तर आत चक्क गरम लागत होतं. १४ पैकी ९ पोती टाकून द्यावी लागली.

मग बैठकीत जे व्हायचं ते झालं. कुणी म्हणे माल ओला दिला, कुणी म्हणे पोती रचणारीनं नीट रचली नाहीत. ताडपत्री घाला असं मीच फोनवर सांगितलं होतं, तेही मला कबूल करावं लागलं. एवढ्यात कोपऱ्यातल्या आक्का, ज्या आजही इतिवृत्तावर अंगठा लावतात, त्या म्हणाल्या, "अगं, दम कोंडला त्यांचा."

सगळ्या हसल्या. मीही हसले. पण ते वाक्य डोक्यातून जाईना. मी बी.ए. झाले ती इतिहास घेऊन, विज्ञान माझं दहावीतच सुटलं. म्हणून ओळखीच्या विज्ञानाच्या बाईंना विचारलं, पुण्यातल्या ग्रंथालयात बसून थोडं वाचलं आणि कळलं की आक्का शब्दशः बरोबर होत्या. आणि बटाट्याला दम असतो, तो नेमका कसा चालतो, याच्या इतिहासात आपल्या एका मराठी बाईचं नाव आहे. आपल्यापैकी किती जणींना ते माहीत आहे?

थोडं मागं जाऊ. पुण्यात सवाई माधवरावांची पेशवाई होती, नाना फडणीस कारभार बघत होते, तो काळ. १७७९ साली यान इंगेनहाउझ नावाच्या डॉक्टरानं झाडाची पानं पाण्यात बुडवून उन्हात ठेवली, तर पानांवर बुडबुडे धरले. तीच पानं अंधारात ठेवली तर बुडबुडे बंद. म्हणजे पान प्रकाशातच चांगली हवा सोडतं, आणि अंधारात आपल्यासारखीच हवा खराब करतं, हे त्यानं लिहून ठेवलं.

त्याच सुमाराला पॅरिसमध्ये लाव्हाझिए नावाच्या शास्त्रज्ञानं एक गिनिपिग बर्फानं वेढलेल्या भांड्यात बसवला. त्याच्या अंगच्या उबेनं किती बर्फ वितळतो आणि तो किती कार्बन डायऑक्साइड सोडतो, ते मोजलं. मग कोळसा जाळून तीच मापं घेतली आणि दोन्ही ताडून पाहिली. निष्कर्ष असा निघाला की श्वास घेणं म्हणजे हळूहळू जळणंच आहे. चुलीत जे भडभडून होतं, ते आपल्या अंगात जाळाशिवाय, सावकाश होतं.

इथं एक बाई आहे, तिला ओलांडून पुढं जायला मला जमणार नाही. लाव्हाझिएची बायको मारी. तिचं लग्न १७७१ साली झालं तेव्हा ती १३ वर्षांची होती. नवऱ्याला येत नव्हती ती इंग्रजी भाषा ती शिकली आणि त्याच्यासाठी पुस्तकं भाषांतरित केली. चित्रकला शिकली आणि प्रयोगांची चित्रं काढली. माणसाच्या श्वासावरच्या प्रयोगांची तिची चित्रं आजही आहेत. त्यात एका बाजूला टेबलाशी बसून नोंदी लिहिणारी एक बाई दिसते, ती स्वतः मारी. आपल्या गटात प्रोसिडिंग लिहिणारीचं नाव फोटोत येत नाही, तसंच तिचं झालं. पण निदान चित्रात तिनं स्वतःला बसवून घेतलं!

तर झाड अन्न तयार करतं, आणि श्वासात ते अन्न जळतं, एवढं दीडशे वर्षं माहीत होतं. पान हवेतला कार्बन डायऑक्साइड आणि मुळांनी ओढलेलं पाणी घेऊन उन्हाच्या जोरावर साखर बनवतं आणि ऑक्सिजन बाहेर सोडतं. हे शाळेतलं प्रकाशसंश्लेषण. बटाट्याच्या पाल्यानं दिवसभर केलेली साखर खोडातून खाली उतरते आणि जमिनीत पिष्ट होऊन साठते. बटाटा म्हणजे पाल्यानं टाकलेली ठेव, असं समजा. कळत नव्हतं ते पुढचं. ही ठेव मोडायची कशी? साखर चुलीत टाकली तर भडकते, मग पेशीच्या आत ती जळताना पेशीच का जळत नाही?

आता त्या बाईकडं येते. कमला भागवत. लग्नानंतर कमला सोहोनी. जन्म १९११ साली इंदूरचा. वडील नारायणराव आणि काका माधवराव, दोघेही रसायनशास्त्राचे जाणकार, बंगळूरच्या टाटांच्या विज्ञान संस्थेतून सुरुवातीच्या काळात शिकून आलेले. ज्यांच्या लिखाणाची नावं तुम्ही ऐकली असतील त्या दुर्गाबाई भागवत ही कमलाबाईंची थोरली बहीण. एका बहिणीनं 'ऋतुचक्र'मध्ये झाडांचे बारा महिने बाहेरून पाहिले आणि दुसरी त्याच झाडांच्या आत शिरली. त्या घरात जेवताना काय बोलणं होत असेल, असं मला नेहमी वाटतं.

१९३३ साली कमलाबाई मुंबई विद्यापीठातून रसायनशास्त्र घेऊन बी.एस्सी. झाल्या आणि यादीत पहिल्या आल्या. वडील आणि काका शिकले त्याच बंगळूरच्या संस्थेत संशोधनासाठी त्यांनी अर्ज केला. संचालक होते सर सी. व्ही. रामन, नोबेल पारितोषिक मिळालेले. त्यांनी अर्ज नाकारला. गुण कमी नव्हते. मुलगी होती, एवढंच कारण. भिडे वाड्यातल्या मुलींच्या शाळेला तेव्हा ८५ वर्षं झाली होती, आणि पहिल्या आलेल्या मुलीला अजून हे ऐकावं लागत होतं.

वडिलांनी रदबदली केली, तरी उपयोग झाला नाही. मग कमलाबाई स्वतः बंगळूरला गेल्या. काळ गांधीजींचा होता. प्रवेश मिळेपर्यंत इथून हलणार नाही, असं सांगून त्यांनी संचालकांच्या दारात सत्याग्रह धरला. शेवटी रामननी घेतलं, पण अटी घालून. पहिलं वर्ष हा प्रवेश पक्का नाही, काम पाहून ठरवू. मार्गदर्शक सांगतील तेव्हा रात्री उशिरापर्यंत थांबावं लागेल. आणि तुझ्यामुळं इथल्या पुरुष संशोधकांचं लक्ष विचलित होता कामा नये.

तिसरी अट परत एकदा वाचा. लक्ष त्यांचं, आणि ते सांभाळायचं हिनं.

त्यांनी अटी मान्य केल्या, पण हा अपमान त्या शेवटपर्यंत विसरल्या नाहीत. म्हातारपणीही त्याबद्दल स्पष्ट बोलल्या. रामन मोठे शास्त्रज्ञ होते यात त्यांना शंका नव्हती आणि मलाही नाही. पण मोठ्या माणसाची चूक लहान होत नाही. मार्गदर्शक श्रीनिवासय्या मात्र कडक असले तरी मनापासून शिकवणारे मिळाले. पहाटे पाचपासून रात्री दहापर्यंत काम चाले. दूध, डाळी आणि शेंगदाण्यातली प्रथिनं, म्हणजे गरिबाच्या ताटातलं पोषण, हा अभ्यासाचा विषय होता. वर्षभरानं रामननी स्वतःच प्रवेश पक्का केला आणि त्यानंतर संस्थेत मुलींना घेऊ लागले. १९३६ साली कमलाबाई एम.एस्सी. झाल्या.

१९३७ साली शिष्यवृत्तीवर त्या इंग्लंडला केंब्रिजला गेल्या. हॉपकिन्स या नोबेल मिळालेल्या शास्त्रज्ञाच्या प्रयोगशाळेत आधी डेरेक रिश्टर यांच्याबरोबर काम केलं. ते दुसरीकडं गेल्यावर त्या रॉबिन हिल यांच्याकडं आल्या. हे हिल मला फार आवडले. त्यांना झाडापाल्यापासून रंग काढायचा नाद होता. त्यांनी पानं कुटून त्यातले हिरवे कण वेगळे काढले, त्यांना नुसता प्रकाश आणि एक लोहाचा क्षार दिला, आणि त्या कणांतून ऑक्सिजन निघतो हे दाखवलं. झाड नाही, आख्खं पानही नाही, नुसते हिरवे कण! हा शोध १९३७ चा. ऑक्सिजन निघाला हे ओळखायला त्यांनी काय वापरलं असेल? स्नायूतलं हिमोग्लोबिन. ते ऑक्सिजन धरलं की रंग बदलतं. आपल्या शिबिरात बोटाला टोचून ज्याची तपासणी होते, त्याच्याच भाऊबंदातलं हे लाल द्रव्य.

म्हणजे कमलाबाई ज्या टेबलाशी गेल्या, तिथं एकाच माणसाच्या हाताखाली झाडाची जमा आणि झाडाचा खर्च, दोन्हींचा हिशेब चालू होता. कमलाबाईंनी खर्चाची बाजू धरली. आणि त्यासाठी घेतला बटाटा.

त्याआधी केंब्रिजमध्येच डेव्हिड केलिन या शास्त्रज्ञानं १९२५ साली एक गोष्ट पाहिली होती. मधमाश्यांच्या पोळ्यात शिरतो तो मेणपतंग जिवंत धरून, त्याच्या पंखांच्या स्नायूतून जाणारा प्रकाश तो एका यंत्रातून बघत होता. पतंग फडफडला की प्रकाशात काळे पट्टे उमटायचे, शांत झाला की पुसट व्हायचे. पेशीत एक रंगीत द्रव्य आहे आणि श्वासाबरोबर ते बदलतंय, हे त्यानं ओळखलं. नाव दिलं सायटोक्रोम, म्हणजे पेशीतला रंग. या द्रव्यातही लोह असतं, हिमोग्लोबिनसारखंच.

हे द्रव्य काय करतं ते मला रोजगार हमीच्या कामावरून पटकन कळलं. तलावाचा गाळ काढताना बायका ओळीनं उभ्या राहतात आणि घमेलं हातोहात पुढं जातं. एकटी बाई सगळा गाळ उचलून धावली तर कोसळेल. ओळीत मात्र प्रत्येकीच्या वाट्याला थोडंच येतं. पेशीतही असंच आहे. साखरेतून निघालेले विजेचे बारीक कण एकदम ऑक्सिजनवर आदळत नाहीत. सायटोक्रोम आणि त्याची भावंडं ओळीनं उभी असतात, एक कण घेतो, पुढच्याला देतो, आणि शेवटी तो ऑक्सिजनच्या हाती जातो आणि पाणी बनतं. या हातोहात जाण्यात थोडीथोडी ऊर्जा सुटते, आणि पेशी तिचे सुटे पैसे करून ठेवते. त्या सुट्या पैशाला एटीपी म्हणतात. म्हणून साखर जळते आणि पेशी मात्र जळत नाही.

या ओळीतला एक हात म्हणजे सायटोक्रोम सी. प्राण्यात आणि किण्वात ही व्यवस्था असते, हे माहीत होतं. वनस्पतीत ती तशीच चालते का, हा प्रश्न होता. कमलाबाईंनी बटाट्यापासून सुरुवात केली आणि दाखवून दिलं की वनस्पतीच्या पेशींतही सायटोक्रोम सी असतं आणि श्वसनात तेच काम करतं. १९३९ साली या विषयावर हिल आणि भागवत अशा दोन नावांनी 'नेचर' या नियतकालिकात टिपण छापून आलं. त्याच वर्षी त्यांना पीएच.डी. मिळाली. विज्ञानात पीएच.डी. मिळवणारी पहिली भारतीय स्त्री. केंब्रिजला पोचल्यापासून जेमतेम १४ महिन्यांत, आणि प्रबंध फक्त ४० पानांचा. लोक शेकडो पानं लिहितात. मोजकं लिहायला आधी नेमकं कळावं लागतं, हे मी आमच्या गटाचे प्रकल्प अहवाल वाचताना रोज अनुभवते.

तर जमिनीतला बटाटा आणि तो सोलणारी बाई, दोघींच्या पेशीत एकाच जातीची घमेली हातोहात फिरतात. झाडं रात्रीच श्वास घेतात, असं आपण सर्रास म्हणतो. ते तसं नाही. झाड दिवसरात्र श्वास घेतं. दिवसा हिरव्या पानात जमा इतकी जास्त होते की खर्च दिसत नाही, एवढंच. रात्री जमा बंद पडते आणि खर्च तेवढा उरतो. पोत्यातल्या बटाट्याला तर पानंच नाहीत. त्याची जमा पाला वाळला त्या दिवशी संपली. तिथून पुढं नुसता खर्च. कार्बन डायऑक्साइड, पाणी आणि ऊब ही त्या खर्चाची पावती. मटकीला मोड आणताना फडक्याच्या पुरचुंडीत हात घातला की कोमट लागतं ना, तीच ही ऊब.

आता आमची ताडपत्री आठवा. आतली ऊब बाहेर जाईना. १० अंश उष्णता वाढली की हा खर्च साधारण दुप्पट होतो, म्हणून ऊब आणखी वाढली. श्वासातलं पाणी थेंब होऊन परत बटाट्यावरच पडलं. आणि ऑक्सिजन संपत आला. ओळीच्या शेवटी घमेलं घ्यायला कुणी नसेल तर आख्खी ओळ थांबते. एका साखरेच्या कणापासून पेशीला एरवी ३० च्या आसपास सुटे पैसे मिळतात, ऑक्सिजनशिवाय मिळतात फक्त दोन. तेवढ्यावर भागत नाही. पेशी मरतात, बटाटा आतून काळा पडतो, आणि ओलीत सडवणारे जंतू शिरतात. दम कोंडला. आक्कांनी दोन शब्दांत सांगितलं होतं.

कमलाबाई १९३९ मध्येच भारतात परतल्या. बाहेर थांबल्या असत्या तर नाव अजून मोठं झालं असतं, पण त्या आल्या. दिल्लीच्या लेडी हार्डिंग मेडिकल कॉलेजात शिकवलं, मग दक्षिणेत कुन्नूरच्या पोषण संशोधन प्रयोगशाळेत काम केलं. १९४७ साली माधवराव सोहोनींशी लग्न झालं आणि त्या मुंबईच्या विज्ञान संस्थेत आल्या. पुढं तिथल्या संचालकही झाल्या, पण तेही वर्षानुवर्षं डावलल्यानंतर.

मुंबईत त्यांनी आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी जो अभ्यास केला तो सगळा आपल्या स्वयंपाकघरातला आहे. डाळी, तांदळाचं पीठ, ताडगूळ आणि नीरा. राष्ट्रपती राजेंद्रप्रसादांच्या सूचनेवरून त्यांनी नीरा तपासायला घेतली. तिच्यात जीवनसत्त्वं आणि लोह असल्याचं दाखवलं. कुपोषित आदिवासी मुलामुलींच्या आणि गरोदर बायांच्या आहारात नीरा दिली तर प्रकृती सुधारते, हे पाहिलं. या कामासाठी त्यांना राष्ट्रपतींचा पुरस्कार मिळाला.

पुण्यात रस्त्याकडेला नीरेची केंद्रं असतात, तुम्ही कामाला आलात की पाहिली असतील. तिथली नीरा गारच का ठेवतात? शिंदीच्या पानांनी उन्हातून केलेली साखर त्या रसात असते. ऊन चढलं की हवेतलं किण्व त्यात वाढतं, ऑक्सिजन पुरत नाही म्हणून दोन पैशांच्या वाटेनं साखर मोडतं, आणि त्यातून दारू तयार होते. सकाळची नीरा दुपारपर्यंत ताडी होते ती अशी. ज्या बाईनं बटाट्याचा श्वास पाहिला, तिच्याकडंच नीरा तपासायला यावी, हे मला गमतीचं वाटतं.

पुढं त्या मुंबईतल्या ग्राहकांच्या संस्थेत भेसळीविरुद्ध काम करत राहिल्या, तरुण विद्यार्थ्यांसाठी मराठीत विज्ञानाची पुस्तकं लिहिली. १९९८ साली दिल्लीत त्या वारल्या.

आमच्या गटाचं सांगायचं राहिलं. पुढच्या वर्षी बटाटा निम्माच घेतला, तोही दोन खेपांत. जाळीच्या पिशव्या, खाली लाकडी फळ्या, पोत्यांमध्ये हात जाईल एवढी जागा. उजेड अडवायला खिडकीला गोणपाट लावलं, त्यातून हवा जाते. एक-दोन जणी म्हणाल्या, शीतगृहातला बटाटा घेऊ, तो टिकतो. टिकतो खरा, कारण थंडीत खर्च मंदावतो. पण फार थंडीत बटाट्यातल्या पिष्टाची साखर होते आणि वेफर तळला की तांबूस-काळा पडतो. एक घाणा तसा तळून बघितला आणि तो नाद सोडला. कर्जाचे हप्ते मागच्या दिवाळीला फिटले.

कमलाबाईंची गोष्ट मी त्या गटाच्या बैठकीत सांगितली. सत्याग्रहापाशी टाळ्या पडल्या. सायटोक्रोमपाशी दोघी पेंगल्या, ते माझ्या सांगण्यात कमी पडलं असेल. आक्का शेवटपर्यंत ऐकत होत्या. मग म्हणाल्या, "पहाटे पाचपासून रात्री दहापर्यंत काम करायची पोर, तर तिला जेवायला कोण वाढायचं?"

ते मात्र मला कुठल्याच पुस्तकात सापडलं नाही.